बांबूच्या फळ्यांची जमीन

घराच्या भिंतींकडे पाहुण्यांचें लक्ष जातें, छपराची आठवण पावसांत होते. परंतु घरांतील माणसांचा अहोरात्र संबंध येतो तो पायांखालच्या जमिनीशीं. मूल रांगतें तें तिच्यावर, पंगत बसते ती तिच्यावर, आणि वृद्धाचा पाय घसरतो तोही तिच्यावरच. असें असूनही जमिनीचा विचार बहुधा सर्वांत शेवटीं, आणि तोही हातांत उरलेल्या पैशांच्या हिशेबानें केला जातो.

शेणानें सारवलेली जमीन, चुन्याचा कोबा, शहाबादी फरशी, सिमेंटच्या रंगीत लाद्या आणि भट्टींत भाजलेल्या गुळगुळीत टाइल्स अशीं स्थित्यंतरें महाराष्ट्रांतील घरांनीं पाहिलीं. त्यांत आतां बांबूच्या फळ्यांची भर पडली आहे. दिल्ली येथें २८ मे २०२३ रोजीं ज्या नव्या संसदभवनाचें उद्घाटन झालें, त्याच्या जमिनीसाठीं त्रिपुरांतील बांबूच्या फळ्या वापरल्या गेल्या. गोठ्याचा कूड, पोटमाळा आणि सूप-टोपली एवढ्यापुरताच ज्याचा उपयोग समजला जात असे, तो वेळू अशा रीतीनें राष्ट्राच्या संसदेंत जाऊन पोहोंचला.

या फळ्या विकणारा गिऱ्हाइकास दोन गोष्टी हमखास सांगतो. बांबू झपाट्यानें वाढतो, तेव्हां तो वापरल्यानें जंगलाची हानि होत नाहीं, ही पहिली; आणि तो सागवानाहूनही कठीण असतो, तेव्हां त्याची जमीन पिढ्यान्‌पिढ्या टिकते, ही दुसरी. या दोन्ही विधानांत सत्याचा अंश आहे. पण अंशच आहे. ज्या कुटुंबाला आयुष्यांत एकदांच घर करावयाचें असतें, त्यानें केवळ या दोन वाक्यांवर विसंबून पैसे मोजणें शहाणपणाचें नव्हे. म्हणून बांबूला कठीणपणा कसा येतो व तो कशानें नाहींसा होतो, हें प्रथम समजून घेतलें पाहिजे.

बांबू हा वृक्ष नव्हे. तो गवताच्या जातींतला आहे. भात, गहूं, ऊंस यांच्या कुळांतला तो थोरला भाऊ होय. वृक्षाच्या सालीखालीं वाढीचा एक जिवंत थर असतो व त्यामुळें खोड वर्षानुवर्षें जाड होत जातें. बांबूला असा थर नाहीं. कोंब मातींतून वर येतो त्याच वेळीं त्याची जाडी ठरून गेलेली असते. मिटवून ठेवलेल्या दुर्बिणीच्या नळ्या ओढाव्या आणि ती लांब व्हावी, तशीं त्याचीं पेरें एकामागून एक लांबत जातात. पावसाळ्याच्या आरंभीं डोकें वर काढणारा कोंब दसरा-दिवाळीच्या सुमारास आपली पुरी उंची गांठतो. झपाट्याची जी कीर्ति सांगितली जाते ती एवढ्यापुरती अगदीं खरी आहे.

परंतु उंची गांठली म्हणजे काठी पक्व झाली असें नव्हे. दिवाळीस आकाशाला टेकलेली ती काठी आंतून पाण्यानें भरलेली व कोवळीच असते. पुढील तीन-चार वर्षांत तिच्या तंतूंच्या भिंती हळूहळू जाड होतात, लांकडाला लांकूडपण देणारें लिग्निन नांवाचें द्रव्य त्यांत भरत जातें, आणि मगच ती खरी कठीण होते. चीनमध्यें ज्या मोसो जातीच्या बांबूपासून जमिनीच्या फळ्या मोठ्या प्रमाणावर बनवितात, त्याच्या काठ्या पांच-सहा वर्षांच्या झाल्यावरच तोडणें योग्य समजलें जातें. एक-दोन वर्षांची काठी चिरून फळी केली, तर ती वाळतांना फार आकसते, नंतर वांकते, आणि तिच्यावर खुर्चीच्या पायाचाही खळगा पडतो. बांबूला ‘पी हळद आणि हो गोरी’ हा न्याय लागू पडत नाहीं.

हा भेद गांवच्या कारागिरांना पूर्वींपासून ठाऊक आहे. सुपें-टोपल्या विणणारा बुरूड कोवळी, लवचीक काठी पसंत करतो, तर घराला वांसा घालणारा पक्क्या काठीचा शोध घेतो. पहिल्या वर्षाच्या काठीवर कोंबाचीं आवरणें चिकटून राहिलेलीं असतात व अंगावर पांढुरकी भुकटी दिसते. जुन्या काठीचा रंग उतरतो आणि तिच्यावर दगडफुलासारखे डाग उमटतात. सुव्यवस्थित लागवडींत प्रत्येक वर्षाच्या काठ्यांवर रंगानें खूण करून ठेवतात, म्हणजे तोडतांना चूक होत नाहीं. फळी बनल्यावर मात्र या खुणा पुसल्या जातात. म्हणून काठीच्या वयाची चौकशी खरेदीपूर्वींच करणें भाग पडतें.

वयाच्या खालोखाल महत्त्व आहे तें किडीपासून संरक्षणाला. बांबूच्या गाभ्यांत पिष्ट व साखर यांचा सांठा असतो आणि सागवानांत असतात तशीं कीटकांना दूर ठेवणारीं द्रव्यें त्यांत जवळजवळ नसतात. त्यामुळें बारीक भुंगा त्याला पोखरतो व पांढऱ्या पिठाचे ढीग जमिनीवर पडूं लागतात. पावसाळा सरल्यावर थंडीच्या दिवसांत बांबू तोडावा, अंधाऱ्या पक्षांत तोडावा, आणि कांहीं आठवडे वाहत्या पाण्यांत बुडवून ठेवावा, अशा चाली खेड्यांतून आढळतात. त्यांपैकीं पाण्यांत ठेवण्याच्या चालीचें मर्म स्पष्ट आहे: गोड व पिठूळ अंश पाण्यांत उतरून जातो आणि किडीचें अन्नच नाहींसें होतें. कारखान्यांत हेंच काम पट्ट्या टांकणखार व बोरिक अॅसिड यांच्या पाण्यांत उकळून केलें जातें. ही प्रक्रिया टाळलेली फळी दुकानांत कितीही सुंदर दिसली तरी घरांत फार दिवस सुंदर राहत नाहीं. दिसतें तसें नसतें, म्हणून जग फसतें, ही म्हण येथें तंतोतंत लागू पडते.

आतां गोल व पोकळ बांबूची सपाट फळी होते कशी, तें पाहूं. काठी उभी चिरून तिच्या पट्ट्या काढतात. बाहेरचा हिरवा, मेणचट थर सरसाला धरत नाहीं, आणि आंतला मऊ गाभा भार सोसत नाहीं. म्हणून दोन्ही रंधून टाकतात व मधला घट्ट भाग तेवढा ठेवतात. या पट्ट्या उकळून, वाळवून, सरस लावून तापलेल्या दाबयंत्रांत एकमेकींस चिकटवितात. पट्ट्या आडव्या ठेवल्या तर फळीवर बांबूचे पेर स्पष्ट उठून दिसतात. उभ्या ठेवल्या तर बारीक समांतर रेघा दिसतात. तिसरा प्रकार अगदीं निराळा आहे. त्यांत पट्ट्या चेचून त्यांचे तंतु मोकळे करतात, ते कृत्रिम राळेंत भिजवितात व प्रचंड दाबाखालीं त्यांचा ठोकळा बनवून मग फळ्या कापतात.

या प्रकारांच्या कठीणपणांत मोठा फरक आहे. ऑस्ट्रियांतील गॅब्रिएल यांका यानें १९०६ सालीं लांकडाचा कठीणपणा मोजण्याची एक सोपी कसोटी सुचविली. ११·२८ मिलिमीटर व्यासाची पोलादी गोळी लांकडांत निम्मी रुतविण्यास किती जोर लागतो, हें तींत मोजतात. या कसोटीनें सागवानाचा आंकडा सुमारें १,००० ते १,१०० पौंड येतो. पट्ट्यांच्या नैसर्गिक रंगाच्या बांबू-फळीचा तो बहुधा १,३०० ते १,४०० च्या आसपास भरतो, आणि तंतु दाबून केलेल्या फळीचा ३,००० च्याही वर जातो. परंतु बदामी किंवा कॉफीसारखा गडद रंग आणण्यासाठीं पट्ट्या दाबाच्या वाफेंत शिजविल्या, तर बांबूंतील साखर करपून रंग येतो खरा, पण तंतु दुबळे होतात व आंकडा सागवानाच्या आसपास उतरतो. तेव्हां ‘बांबू सागवानाहून कठीण’ हें विधान कोणत्या फळीविषयीं केलें आहे, हें विचारल्यावांचून त्याला अर्थ नाहीं.

शिवाय कठीणपणा म्हणजे टिकाऊपणा नव्हे. खळगा पडणें हें कठीणपणावर अवलंबून असतें. ओरखडे मात्र वरच्या रोगणाच्या थरावर पडतात, आणि तो थर झिजला कीं फळीच्या कठीणपणाचा उपयोग होत नाहीं. अशा वेळीं फळी घासून पुन्हां रोगण द्यावें लागतें. अखंड बांबूची चौदा-पंधरा मिलिमीटर जाडीची फळी एक-दोनदां घासणें सोसते. याउलट, खालीं हलक्या लांकडाचे थर आणि वर बांबूचा दोन मिलिमीटरांहूनही पातळ पापुद्रा अशी जी स्वस्त फळी मिळते, ती एकदांही नीट घासतां येत नाहीं. झिजली कीं टाकून देण्यावांचून गति नसते. म्हणून दोन फळ्यांच्या किंमतींची तुलना करतांना दर चौरस फुटाचा भाव पाहूं नये. ती किती वर्षें चालेल, त्या वर्षांनीं भावाला भागून पाहावें.

फळीच्या अंगीं सरस व राळ यांचा वांटा किती मोठा असतो, हें वरील वर्णनावरून ध्यानांत येईलच. युरिया व फॉर्मॅल्डिहाइड यांपासून केलेला सरस स्वस्त असतो, पण दमट हवेंत तो सुटूं लागतो आणि त्यांतून फॉर्मॅल्डिहाइडची वाफ हळूहळू बाहेर पडत राहते. हवा जितकी उष्ण व दमट, तितकी ही वाफ अधिक. ती डोळ्यांना व घशाला झोंबते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००४ सालीं हें द्रव्य माणसांत कर्करोग उत्पन्न करणारें म्हणून ठरविलें. फिनॉलच्या राळेचा सरस महाग व काळपट असतो, पण तो पाण्याला दाद देत नाहीं व त्यांतून ही वाफ फारच थोडी सुटते. युरोपांत ‘ई-१’ या नांवाची मर्यादा पाळली जाते, व कॅलिफोर्निया राज्यानें २००७ सालीं याहूनही कडक मर्यादा मंजूर केली. फळीसोबत अशा कसोटीचें प्रमाणपत्र मागणें हा गिऱ्हाइकाचा हक्कच आहे. ज्या खोलींत तान्हें मूल झोपणार, तेथें तर तें मागितल्याशिवाय फळी आणूंच नये.

उत्तम फळी निवडूनही पुष्कळ घरांची निराशा होते, आणि तिचें कारण बहुधा पाणी हेंच असतें. लांकडाप्रमाणें बांबूही हवेंतील ओलावा शोषतो व सोडतो. ओलावा वाढला कीं फुगतो, घटला कीं आकसतो. कोंकणांत आषाढ-श्रावणांत भिंतींना पाझर फुटतो, तर नागपूरकडे वैशाखांत लांकडी दारांच्या फटी रुंदावतात. एका हवामानांत सुकविलेली फळी दुसऱ्या हवामानांत आणून त्याच दिवशीं ठोकली, तर पहिल्याच ऋतुबदलांत ती उचलते किंवा तिच्यांत फटी पडतात. यासाठीं फळ्यांचे खोके ज्या खोलींत बसवावयाचे त्याच खोलींत उघडून निदान तीन दिवस, आणि दमट प्रदेशांत त्याहूनही अधिक, तसेच राहूं द्यावे. भिंतीच्या कडेनें सर्व बाजूंना दहा-बारा मिलिमीटर जागा मोकळी सोडावी व ती पट्टीनें झांकावी. ही जागा म्हणजे फळ्यांना श्वास घेण्यासाठीं ठेवलेली वाट होय. घाई करणारा सुतार ती बुजवून टाकतो, आणि पावसाळ्यांत मधोमध जमीन फुगून वर येते तेव्हां दोष मात्र बांबूला लावला जातो.

खालचें सिमेंट-काँक्रीट कोरडें आहे कीं नाहीं, हें पाहणेंही तितकेंच अगत्याचें. नवें काँक्रीट वरून कोरडें दिसलें तरी आंत ओलावा धरून ठेवतें. एक इंच जाडी वाळण्यास सुमारें एक महिना लागतो असा ठोकताळा आहे. याची एक सोपी परीक्षा कोणासही करतां येते. दीड फूट लांबीरुंदीचा स्वच्छ पॉलिथिनचा तुकडा जमिनीवर पसरून चारी कडा चिकटपट्टीनें पक्क्या बंद कराव्या आणि रात्रभर तसाच ठेवावा. सकाळीं आंतल्या बाजूस थेंब जमले असतील किंवा काँक्रीट काळवंडलें असेल, तर फळ्या बसविण्याची वेळ अजून आली नाहीं असें समजावें. परीक्षा उतरली तरीही फळ्यांखालीं ओल अडविणारा कागद घातलाच पाहिजे. जुन्या घराच्या तळमजल्यावर, जेथें जोत्यांतून ओल वर चढते व वाळवीचा उपद्रव आहे, तेथें बांबूचा हट्ट धरूं नये. अशा जागीं कोबा किंवा शहाबादी फरशी हीच दीर्घकाल टिकते, आणि म्हणून तीच अधिक किफायतीची.

न्हाणीघर, मोरी, पाण्याच्या नळाची बाजू आणि जेथून पावसाची झड आंत येते तो उंबरठा, या जागाही बांबूसाठीं नव्हेत. निजण्याची खोली, बैठकीची खोली, अभ्यासिका व वरचे मजले हें त्याचें खरें क्षेत्र होय. तेथेंही रोजची निगा बदलावी लागते. बादलीभर पाण्यांत फिनेल घालून ओल्या फडक्यानें जमीन पुसण्याची जी घरोघरची पद्धत आहे, ती या फळ्यांच्या सांध्यांना मारक ठरते. मऊ केरसुणीनें धूळ काढावी, आणि फडकें घट्ट पिळून मगच फिरवावें. पाणी सांडलें तर तें लगेच टिपावें. वहाणा दाराबाहेर काढून ठेवण्याची महाराष्ट्रांतील रीत मात्र या जमिनीच्या पथ्यावर पडणारी आहे. कारण पायतणांबरोबर येणारी बारीक वाळूच रोगणाला सर्वांत अधिक घासते.

आतां राहिला प्रश्न जंगलाचा. सागाचें झाड तोडण्याजोगें होण्यास सहसा पन्नास-साठ वर्षें लागतात. बांबूच्या बेटांतून पक्व काठ्या दर कांहीं वर्षांनीं काढतां येतात, आणि बेट जिवंतच राहतें. जमिनीखालचा त्याचा कंद पुन्हां कोंब धरतो व माती बांधून ठेवतो. ही बांबूची थोरवी निर्विवाद आहे. परंतु ती तोडणाराच्या संयमावर अवलंबून असते. कोवळ्या काठ्याच कंदाला अन्न पुरवितात व नव्या कोंबांना आधार देतात. त्या कापल्या तर पुढच्या वर्षीं कोंब कमी व बारीक येतात, आणि कांहीं वर्षांत बेट खुरटतें. म्हणून चांगल्या तोडीचा नियम असा कीं, चालू व गेल्या वर्षाची काठी सोडावी, तीन वर्षांवरील तेवढीच घ्यावी, आणि बेट एका बाजूनें सरसकट छाटूं नये.

येथें एक महत्त्वाची गोष्ट लक्षांत येते. ज्या कोवळ्या काठीनें फळी कच्ची राहते, तीच तोडल्यानें बेटही खंगतें. म्हणजे टिकाऊ जमीन आणि टिकाऊ जंगल या दोन निराळ्या कसोट्या नसून एकच कसोटी आहे. भाव पाडून मागणाऱ्या बाजारपेठेला पुरवठा करण्यासाठीं कोवळा माल तोडला गेला, तर घरमालक व जंगल या दोघांचेंही नुकसान होतें. आणि तिसरें नुकसान होतें तें बांबू तोडून पोट भरणाराचें, कारण त्याचें उद्यांचें उत्पन्न आजच कापलें जातें.

महाराष्ट्रांत हा तिसरा मनुष्य दूरचा नाहीं. १९२७ च्या वन अधिनियमानें बांबूची गणना वृक्षांत केली होती, त्यामुळें तो तोडण्या-वाहण्यावर निर्बंध होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानें बांबूला गौण वनोपज मानलें. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा) या गांवाला २००९ सालीं सामूहिक वनहक्क मिळाला, आणि एप्रिल २०११ मध्यें बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं आला. पुढें २०१७ सालीं १९२७ च्या कायद्यांत दुरुस्ती होऊन जंगलाबाहेर वाढलेला बांबू वृक्षांच्या व्याख्येंतून वगळण्यांत आला, आणि सिंधुदुर्गांत बांधाकांठीं माणगा बांबू लावणाऱ्या शेतकऱ्याचीही वाट मोकळी झाली. आपल्या बेटावर ज्याचा हक्क टिकून आहे, तोच उद्यांच्या कोंबाचा विचार करून आज कोयता आवरतो. बांबू कोठून आला, कोणाच्या जमिनींतून आला, हा प्रश्न म्हणूनच रिकामटेकडा नव्हे. परदेशांतून आलेल्या फळीबाबत जंगल-व्यवस्थापनाचें मान्य प्रमाणपत्र आहे कीं नाहीं, हें पाहावें. कारण मूळचें मिश्र जंगल तोडून तेथें केवळ बांबूच लावला असेल, तर त्या फळीला निसर्गरक्षक म्हणणें ही थट्टा होईल.

तेव्हां खरेदीस निघालेल्या गृहस्थानें थोडे प्रश्न बरोबर न्यावे. काठी किती वर्षांची होती? किडीवर कोणती प्रक्रिया केली? सरस कोणता, व त्याचें प्रमाणपत्र कोठें आहे? वरचा बांबूचा थर किती जाड? फळी वाफेंत शिजवून गडद केली आहे काय? नमुन्याचा एक तुकडा मागून घ्यावा. त्यावर नाणें ओढून पाहावें, नाकाशीं धरून वास घ्यावा, आणि दिवसभर पाण्यांत ठेवावा. तो किंचित् फुगेल, यांत नवल नाहीं. पण त्याचे थर सुटले तर दुसरें दुकान गांठावें. ज्याच्या मालांत खोट नाहीं त्या दुकानदाराला या प्रश्नांचा राग येण्याचें कारण नाहीं.

पक्व काठी, योग्य प्रक्रिया, निर्दोष सरस, कोरडी बैठक आणि बेताचें पाणी, एवढ्या पांच गोष्टी जुळल्या तर बांबूची जमीन वीस-पंचवीस वर्षें सुखानें नांदावी अशी अपेक्षा धरण्यास हरकत नाहीं. तितक्या काळांत ज्या बेटांतून तिच्या काठ्या आल्या, तें पांच-सहा वेळां तरी नवी पक्व तोड देऊं शकेल. यांतील एखादी गोष्ट चुकली तर तीच जमीन पांच वर्षांत उखडून कचऱ्यांत जाते, आणि मग तो बांबू किती लवकर वाढला होता याचें कोणास कौतुक राहत नाहीं.